बोटीचा मामा

“ह्यां घड्याळ ठेव गो तुझ्याकडे,” बाबलकाका म्हणाले आणि मनगटावरचा पट्टा सोडून त्यांनी घड्याळ माझ्या मांडीवर ठेवलं. मग चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने दोन्ही काचा नीट पुसल्या आणि तोही दिला. “आणि ह्यो चष्मो. सांजेक काकीक नेऊन दी.”

“मी कशाला? घरी गेल्यावर तुम्हीच द्या की,” मी म्हटलं.

ते केबिनचं दार उघडून बाहेरच्या लोखंडी फळीवर गेले, कठड्यावरून एक पाय पलीकडे टाकला, मग दुसरा, आणि जिबच्या बुंध्याशी जाऊन बसले. जिब म्हणजे क्रेनचा तो लांब हात, ज्याच्या टोकाशी आकडा लोंबतो. पाय खाली मोकळे सोडलेले, एक हात कठड्याला. खाली सात-आठ मजल्यांची पोकळी आणि तिच्या तळाशी बोटीचं पोलादी डेक.

माणूस आंघोळीला जाताना चष्मा काढतो, झोपताना काढतो. धरणं धरून बसताना कोणी काढत नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी घड्याळ आणि चष्मा दोन्ही खिशात जपून ठेवले.

मी कुंदा हळदणकर. त्या वेळी खाडीकाठच्या आमच्या सरकारी गोदीत क्रेन चालवत होते. नौदलासाठी गस्तीच्या बोटी बांधायची ती गोदी. माझा नवरा मधू याच क्रेनवर ड्रायव्हर होता. आजारपणात तो गेला आणि त्याच्या जागी मला नोकरी द्यायची वेळ आली, तेव्हा ऑफिसने मला साहेबांची टेबलं पुसायला ठेवायचं ठरवलं होतं. बाबलकाका, म्हणजे युनियनचे अध्यक्ष बाबल खवणेकर, तिथेच उभे होते. ते म्हणाले, “घोवाची क्रेन तिका शिकवा. टेबलां पुसूक तुमचे हात मोडले काय?” तेव्हा सगळे हसले. क्रेनवर बाई म्हणजे तमाशाच, असं पहिले काही महिने लोक म्हणायचे. मग सवय झाली. पुढे पुढे तर अवघड बोजा असला की फोरमन म्हणायचा, थांबा, कुंदाबाईंची पाळी येऊ दे.

तर त्या वर्षी सरकारने आमची गोदी एका खासगी कंपनीला विकायची ठरवली. वर्षभर मोर्चे झाले, दारावर सभा झाल्या, घोषणा देऊन देऊन आमचे घसे बसले. दिल्लीपर्यंत आवाज काही पोहोचला नाही. शेवटी तारीख ठरली. त्याच दिवशी दुपारच्या भरतीला नवी बोट पाण्यात सोडायची आणि लगेच त्याच शामियान्यात मंत्र्यांसमोर गोदीच्या विक्रीवर सह्या करायच्या. मांडव एक आणि कार्यं दोन. सरकारलाही काटकसर सुचते कधी कधी.

आदल्या संध्याकाळी दारावर शेवटची सभा झाली. बाबलकाका स्टुलावर चढून बोलले, “उद्या मी क्रेनीर चढतलंय. विक्रीचो कागद फाटलो तर उतरतलंय. नायतर माझी मयत उतरवा!” आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही जोरात वाजवल्या. दारावरच्या सभेत बोललेलं कोणी मनावर घेत नाही. तिथे आम्ही किती मंत्र्यांना किती वेळा खाडीत बुडवलं असेल, त्याची गणती नाही. पण या खेपेला बोलणाऱ्यानेच ते मनावर घेतलं, ही पंचाईत झाली.

आता बोटीच्या मामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्या गोदीत बोट म्हणजे लेक आणि तिचा बाप म्हणजे सरकार. ती पाण्यात जायची म्हणजे तिची पाठवणी. बोट घसरत जाते त्या लाकडी रुळांवर पिवळ्या चरबीचा जाड थर देतात, त्याला आम्ही म्हणायचो हळद लागली. वसाहतीतल्या बायका येऊन नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, नारळ-खणाने तिची ओटी भरत. आणि प्रत्येक बोटीला एक मामा असायचा. पहिला पत्रा अंथरला त्याच दिवशी कामगार आपल्यातला एक जण मामा म्हणून ठरवत. शेवटच्या पाचरी ठोकून काढायच्या आधी लाउडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!” मग मामा पुढे येऊन नाळेवर हात ठेवायचा आणि त्याने हात ठेवल्याशिवाय खालचा एकही गडी हातोडा उचलायचा नाही. दिल्लीहून आलेल्या पाहुण्यांनी विचारलं की साहेब लोक सांगत, ही सुरक्षेची सूचना आहे.

त्या बोटीचे मामा होते बाबलकाका.

म्हणजे त्यांचा हिशेब साधा होता. मामा नाही तर बोट नाही, बोट नाही तर समारंभ नाही, समारंभ नाही तर सही नाही. शिवाय माझी जिब बरोबर बोटीच्या डोक्यावर होती. डेकवरची शेवटची शिडी उचलून मी ती नुकतीच बाजूला ठेवली होती आणि जिब फिरवून घेणार, एवढ्यात काका वर आले होते. जिब वर असताना बोट सोडता येत नाही, आणि जिबवर माणूस असताना ती फिरवता येत नाही.

वॉकीटॉकी खरखरला. आमचे सरव्यवस्थापक राजाध्यक्षसाहेब बोलत होते.

“कुंदाबाई, जिब फिरवा. भरती भरत आलीय.”

“साहेब, जिबवर काका आहेत.”

“दिसतंय मला. हळूहळू फिरवा. हलायला लागली की येतील आपोआप आत.”

“नाही फिरवणार.”

“हा हुकूम आहे.”

“मग तुम्हीच वर येऊन फिरवा, साहेब.”

साहेबांचा आवाज उतरला. “हे बघा, आधाराचे टेकू काढून झालेत. बोट चरबीवर उभी आहे, नुसत्या पाचरींवर. उन्हाने चरबी पातळ होतेय. ती आपण होऊन सुटली तर खाली माणसं आहेत, आणि नाही सुटली तर रुळांना चिकटेल. मी सुरक्षेची चार माणसं वर पाठवतो.”

“इथे एक जरी टोपी वर दिसली ना, तर काका हात सोडतील,” मी कुजबुजले. “साहेब, त्यांनी घड्याळ आणि चष्मा काढून माझ्याकडे दिलाय.”

साहेबांना कळलं. “बरं,” एवढंच म्हणाले.

खालच्या लोकांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटत होतं, काकांनी काय झकास डाव टाकलाय. कोणी शिट्ट्या मारत होतं, कोणी “खवणेकर झिंदाबाद!” म्हणत होतं. शामियान्यात बँडवाले तेच ते गाणं पुन्हा पुन्हा वाजवत होते. मी दार उघडून फळीवर आले आणि काकांपासून हातभर अंतरावर, कठड्याच्या आत, मांडी घालून बसले. मग डबा उघडला.

“काका, भाकरी खाता? सुकट आहे.”

“नको.”

“बरं. मग मी खाते.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “कांदो घातलंस?”

“घातलाय. कोकमही घातलंय.”

“हूं,” म्हणाले आणि पुन्हा खाली बघायला लागले. चष्म्याशिवाय त्यांना काय दिसत होतं देव जाणे. पण सुकटीतल्या कांद्याची चौकशी करणाऱ्या माणसाला अजून थोडं धरून ठेवता येईल, एवढी आशा मला वाटली.

“काका, हे काय मनात आणलंत?”

“तुका कित्याक व्हयो?”

“घड्याळ माझ्या खिशात आहे म्हणून.”

खाली बोट करकरली. पाचरींवर जडशीळ पोलाद टेकलं की तसा आवाज होतो. काकांनी मान वळवली, तो आवाज संपेपर्यंत ऐकला.

“तू नोकरीर लागलंस त्या दिसा मी तुका काय सांगलेलंय? आठावता?”

“आठवतं की. म्हणालात, डोळे पूस, सरकारी नोकरी आहे, मरेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.”

“तां मी एकट्या तुका नाय सांगलंय, गो. सगळ्यांका सांगलंय. वेल्डिंगातली पोरां, रंगारी, कँटीनातलो शंकर. आवशीबापाशींनी माझ्या शब्दार पोरां हंय धाडली. मीयां म्हटलंय, सरकार आसा, भियां नको.” त्यांचा आवाज चिरकला. “आणि तां सरकारच चल्लां. आता खाली जावन तेंका ह्यां तोंड कसां दाखवू? पयल्यांदा तुकाच कसां दाखवू?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस सरकारला भीती घालायला वर आला नव्हता. आमच्यापासून पळून आला होता. मला इतका राग आला की क्षणभर भीती विसरले.

“वा!” मी म्हटलं. “म्हणजे उद्यापासून आम्ही नव्या साहेबापुढे हात बांधून उभे राहणार आणि तुम्ही युनियन ऑफिसच्या भिंतीवर हार घालून बसणार! झकास आहे. आमच्या वतीने बोलायचं कोणी? तुमच्या फोटोने?”

“दुसरो कोण तरी—”

“दुसरं कोण आहे? नावं सांगा. ज्यांना तुम्ही बोलायला शिकवलं त्यांना अजून साहेबासमोर खुर्चीवर नीट बसता येत नाही.”

मग मला राहवलं नाही. जे बोलायचं ठरवलं नव्हतं तेच तोंडातून गेलं.

“काका, मला भीती वाटतेय. मधू गेला तेव्हा त्याने मला विचारलं नव्हतं. त्याच्या हातात नव्हतं ते. तुमच्या हातात आहे. तुम्ही इथून गेलात तर मी या खुर्चीवर पुन्हा कशी बसू? रोज समोर हीच जागा दिसणार. तुम्हीच मला ही क्रेन दिलीत आणि तुम्हीच ती काढून घ्यायला निघालात. कंपनी काय काढायची ती नंतर काढेल.”

रडत रडत बोलले, शेंबूड पुसत बोलले. खालून बँड चालूच होता. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. पण त्यांचा दुसरा हात मांडीवरून उचलला गेला आणि कठड्यावर आला. आता दोन्ही हातांनी धरलं होतं.

“पण मी बोललंय ना गो,” ते हळूच म्हणाले. एखाद्या पोराने खोडी कबूल करावी तसा आवाज. “सगळ्या गोदयेसमोर बोललंय. मयत उतरवा म्हणान. आता कसो उतरू? काय म्हणान उतरू?”

हा खरा अडसर होता. मरायचं त्यांच्या मनातून अर्धंअधिक गेलं होतं, आता जगायला निमित्त हवं होतं. आणि निमित्त मला काही सापडेना. मी वॉकीटॉकी उचलला आणि साहेबांना म्हटलं, “काकी नाळेपाशी ओटी घेऊन उभ्या असतील. त्यांच्या हातात हे द्या.”

काकी, म्हणजे बाबलकाकांच्या पत्नी, उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्याच. पण त्यांचा आवाज वॉकीटॉकीशिवायही वर पोहोचला असता.

“कुंदा, ह्या डब्यातसून तेंका आयकाक येता काय?”

“येतंय, काकी. बोला.”

“आयकलास काय?” काकी गरजल्या. “तुमचा भांडाण बापाशी आसा मा? मगे चेडवाक कित्याक शिक्षा? हळद लागलेली पोर मांडवात उभी करून ठेवलास. भरती थांबतली काय तुमच्यासाठी? खाली आपलीच पोरां हातोडे घेवन वाकली हत. तेंच्या अंगार गेली तर?”

काकांच्या कपाळावर आठी पडली. खालची माणसं म्हणजे त्यांचीच टोळी. ते वाकून बघायला लागले, तशी मी त्यांच्याजवळ सरकले.

पण काकी अजून थांबल्या नव्हत्या. “आणि मामा रुसलो तर रुसलो! लग्नात मामा रुसताच. माझो मामा माझ्या लग्नात माडार चढान बसलेलो. बापाशीन नारळ-टोपी घेवन मिनत्यो केल्यान तेवा उतरलो. रुसलेल्या मामाक कोण मान देता काय नाय हंय? का नुसते सुटाबुटात उभे ऱ्हवतले?”

लेकी बोले सुने लागे म्हणतात ते हेच. बोलणं नवऱ्याला होतं, पण वॉकीटॉकी साहेबांचा होता आणि साहेब शेजारीच उभे होते. मी वरून वाकून बघितलं तर राजाध्यक्षसाहेब आपल्या ॲम्बेसिडरकडे चालले होते. मागचं दार उघडून त्यांनी काहीतरी ओढून काढलं. मग ओटीच्या ताटातला एक नारळ उचलला, कोटाच्या खिशात कोंबला आणि क्रेनच्या शिडीपाशी आले.

“काका,” मी म्हटलं, “साहेब वर येतायत.”

“खंय? तो? तेका जिन्यार धाप लागता.”

“एकटेच येतायत.”

साहेब अंगाने चांगले भरलेले. इतक्या वर्षांत त्यांनी क्रेन फक्त खालून बघितली होती. चार पायऱ्या चढायचे, थांबायचे, डोळे मिटून शिडीला मिठी मारायचे आणि पुन्हा चढायचे. खालच्या शिट्ट्या बंद झाल्या. बँडही थांबला. शेवटी केबिनच्या झडपेतून त्यांचं पांढरं हेल्मेट वर आलं, मग लालबुंद तोंड, मग गळ्यात गुंडाळलेला पांढरा टॉवेल. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर अंथरलेला असायचा, तो.

ते फळीवर आले आणि कठड्याला घट्ट धरून उभे राहिले. खाली बघायचं टाळत होते.

“बाबलराव,” धापा टाकत म्हणाले, “मामांचा मान राहिला होता. चूक आमच्याकडून झाली.”

काका पाठमोरेच होते. “कोणाकडसून दितास? सरकाराकडसून? बापान लेक विकल्यान. त्या बापाचो मान माका नको.”

“सरकारचा नाही.” साहेबांनी घाम पुसला. “मी उद्यापासून इथे नाही. नव्या कंपनीला नवा साहेब आहे. आजच्या दिवसापुरता मी या मुलीच्या घरचा आहे, तेवढ्या नात्याने आलोय. कागद फाडणं माझ्या हातात नाही, बाबलराव. असतं तर फाडला असता की नसता तेही मला सांगता येत नाही. नारळ तेवढा माझ्या हातात आहे.”

इतकं सरळ बोलणं काकांनी त्या माणसाच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं. दोघं वर्षानुवर्षं टेबलाच्या दोन बाजूंना बसून भांडले होते. काकांनी मान वळवली आणि डोळे बारीक करून बघितलं.

“तां गळ्यात काय आसा?”

“टॉवेल. शेला म्हणून. दुसरं काही मिळालं नाही.”

“गाडयेतलो?”

“हो.”

“तो सरकारी आसा, साहेब. उद्या ऑडिट येतला.”

“येऊ दे,” साहेब म्हणाले. “माझ्या पगारातून कापून घेतील.”

काकांच्या खांद्यांना हिसका बसला. आधी मला वाटलं, तोल गेला. मी हात पुढे केला. पण ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि हसत होते. मग त्यांनी एक हात मागे केला, माझ्याकडे. तळवा उघडा.

“चष्मो दी गो माझो,” म्हणाले. “मान बसान घेवचो नसता. आणि पाय खंय टाकतंय तां माका दिसना नाय.”

तो चष्मा मी खिशातून कसा काढला ते मला आठवत नाही. मी तो घाईघाईने त्यांच्या डोळ्यांवर चढवायला गेले तर एक काडी त्यांच्या कानाऐवजी डोळ्यात गेली आणि त्यांनी मला एक शिवी हासडली. इतकी गोड शिवी मला आयुष्यात कोणी दिली नाही. खाली रोखून बघत, पाऊल चाचपत, ते कठड्यावरून आत आले. मी त्यांच्या सदऱ्याची मागची बाजू दोन्ही मुठींत धरली होती, ती ते फळीवर नीट उभे राहिल्यावरही सोडली नाही.

साहेबांनी टॉवेल त्यांच्या खांद्यावर घातला, नारळ हातात दिला आणि टोपी म्हणून आपलं पांढरं हेल्मेट त्यांच्या डोक्यावर ठेवलं. आमच्यात एक रीत आहे. रुसलेल्या मामाने नारळ घेतला की रुसव्याचा विषय कोणी काढायचा नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

काका झडपेतून खाली उतरायला लागले. उतरता उतरता थांबून म्हणाले, “साहेब, येतास मा?”

“तुम्ही व्हा पुढे,” साहेब म्हणाले. त्यांनी एकदाच खाली बघितलं होतं आणि तेवढं त्यांना पुरलं होतं. ते केबिनमध्ये येऊन माझ्या खुर्चीमागे जमिनीवर बसले, ते हललेच नाहीत. मंत्री शामियान्यात, आणि गोदीचे सरव्यवस्थापक क्रेनवर.

मी खुर्चीवर बसले. डोळे पुसले, घोटभर पाणी प्यायले आणि जिब फिरवली. सावकाश, अगदी भरलेलं ताट उचलावं तशी. रिकामी जिब डेकवरून सरकत किनाऱ्याकडे आली आणि बोटीच्या डोक्यावरचं आभाळ मोकळं झालं. खालून लाउडस्पीकर ओरडला, “मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं!”

वरून मला सगळं दिसत होतं. गर्दीने आपोआप वाट करून दिली. खांद्यावर टॉवेल, डोक्यावर साहेबांचं हेल्मेट, हातात नारळ, असे काका नाळेपाशी आले. कोणी आदल्या दिवशीच्या शब्दाची आठवण करून दिली नाही. एक जण तेवढा ओरडला, “मामा इले रे!” काकींनी ओटी भरली. काकांनी पोलादावर तळवा ठेवला, काहीतरी बोलले, ते ऐकू आलं नाही, पण ते काय बोलत ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं: जा बाय, सुखी ऱ्हव. मग हातोड्यांचा आवाज सुरू झाला. आधी एकेक, मग धडधड. मी मनात गड्यांना म्हणत होते, निघा रे, बाहेर निघा. एकेक करून सगळे बोटीखालून बाहेर आले.

बोट क्षणभर तशीच उभी राहिली. मग ती हलली. इतकी हळू की आधी मला वाटलं किनाराच सरकतोय. काका तिच्याबरोबर हात लावून चार पावलं चालले, मग धावले, मग त्यांचा हात सुटला. बोट पाण्यात शिरली, मागून लाट उठली, भोंगे वाजले, आणि मी समोरच्या दांड्यांवर डोकं टेकून पोटभर रडले. आनंदाने म्हणवत नाही, कारण गोदी तर गेलीच होती. सुटल्यासारखं वाटत होतं, एवढंच.

“कुंदाबाई,” मागून साहेब म्हणाले, “त्या डब्यात काय आहे?”

“सुकट-भाकरी.”

“सकाळपासून काही खाल्लं नाही हो.”

सह्या तासभर लांबल्या. साहेब आधी भाकरी जेवले, मग आम्ही त्यांना दोर बांधून उतरवलं.

घड्याळ माझ्या खिशातच राहिलं होतं. ते मला घरी गेल्यावर कळलं. संध्याकाळी वसाहतीत काकांकडे गेले. दारातच काकी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

“जेवन निजलेत,” काकी म्हणाल्या. “दोनदा भात मागून घेतल्यानी.”

मी घड्याळ पुढे केलं. “क्रेनवर पडलं होतं.”

काकींनी ते हातात घेतलं. पट्टा उलटसुलट करून बघितला. पट्टा तुटलेला नव्हता, बक्कल शाबूत होतं. चांगल्या पट्ट्याचं घड्याळ हातातून आपोआप पडत नाही, हे मला तेव्हा सुचलं. काकींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. तांदळाने पांढरे झालेले हात तसेच माझ्या हातावर ठेवले आणि किती तरी वेळ धरून बसल्या.

आतलं घोरणं थांबलं. खाट करकरली.

“कोण? कुंदा इली काय?” काकांचा आवाज आला. “माझां घड्याळ हाडल्यान काय इचार. आणि तेका चावी दी. उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आसा.”